घाटात गाडी बसली: हेडचं काम करू की गाडीच बदलू?

सावईचा भट
२९ जून २०२६, रात्री ९.४०

नमस्कार. मी फोंडा तालुक्यात सावईवेऱ्याला राहतो, पौरोहित्य करतो. गाडीबद्दल सल्ला हवा आहे. जरा लांब लिहितो, कारण नुसते आकडे टाकले तर "विकून टाका" एवढंच उत्तर येईल.

गाडी २०१२ ची, पेट्रोल, ९९८ सीसी, तीन सिलिंडर. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. नाव दिलं की चर्चा कंपनीवर जाते आणि प्रश्न बाजूला राहतो. २०१८ साली म्हापशाच्या एका गृहस्थांकडून २ लाख ५ हजारांना घेतली. तेव्हा ५१ हजार किलोमीटर झाले होते, आज १ लाख ४२ हजार आहेत. म्हणजे ९१ हजार माझ्या हातचे. एवढ्या वर्षांत ती रस्त्यात कधी उभी राहिली नाही. एकदा बॅटरी बदलली, एकदा क्लच प्लेट, दोनदा टायर. बस्स.

गुरुवारी २५ तारखेला बेळगावात एका यजमानांकडे उदकशांत होती. मी, धाकटा भाऊ आणि आणखी दोघे वैदिक, शिवाय मागे सामान. सत्तरीतलं केरी सोडून चोर्ला घाट चढायला लागलो तेव्हा पाऊस असा की वायपर पुरत नव्हता. काचेवर आतून वाफ धरायची म्हणून एसी चालू ठेवला होता. अर्ध्या घाटात तापमानाचा काटा वर गेलेला दिसला. तिथेच थांबायला हवं होतं. पण वळणावर, धुक्यात, मागून ट्रक येत असताना गाडी उभी करायची छाती झाली नाही. पुढे रुंद जागा मिळेल म्हणून दोन-अडीच किलोमीटर नेली. मध्येच काटा आपोआप खाली आला. मला वाटलं, गाडी थंड झाली, देव पावला. मग ताकद गेली, गाडी हिसके देऊ लागली आणि बंद पडली. बॉनेट उघडलं तर रेडिएटरच्या वरचा रबरी पाइप उभा चिरलेला आणि आत पाण्याचा थेंब नाही.

मे महिन्यात सर्व्हिसिंगला दिली होती तेव्हा "पाइप कडक झालेत का तेवढं बघा" असं मी स्वतः सांगितलं होतं. "अजून एक पावसाळा काढतील," असं उत्तर मिळालं. चार-पाचशे रुपयांचा पाइप. हे मनातून जात नाही. त्याहून मनाला लागलंय ते यजमानांकडे पोचायला झालेला उशीर. त्यांच्या घरची माणसं स्नानं करून, उपाशी, साडेतीन तास आमची वाट बघत होती. एका जीपवाल्याने आम्हाला वर नेलं, त्याचे उपकार. गाडी ४,५०० रुपये देऊन दुसऱ्या दिवशी फोंड्याला ओढून आणली.

आता आकडे. फोंड्याचे मेस्त (मेकॅनिक) म्हणतात, हेड गॅस्केट (इंजिन आणि त्याचं वरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधली पट्टी) उडालंय, हेड उतरवून फेसिंग (घासून सपाट) करावं लागेल, ३० ते ३८ हजार. बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) लागलं असेल तर ६५ हजारांच्या पुढे, आणि ते उघडल्याशिवाय कळणार नाही. मोठ्या वर्कशॉपने फोटो बघूनच ७८ हजारांचा अंदाज दिला. तिसऱ्याने बेळगावहून जुनं इंजिन आणून बसवतो, ४५ हजार, तीन महिन्यांची हमी, तीही तोंडी, असं सांगितलं. आहे त्या स्थितीत गाडी विकली तर ४० हजार मिळतात. चालू असती तर दीड लाखाला गेली असती. नव्या लहान गाडीचं रस्त्यावर येईपर्यंत साडेपाच लाख.

घरचे म्हणतात, चौदा वर्षांच्या गाडीत पैसे घालणं म्हणजे पाण्यात टाकणं. भाऊ म्हणतो, कर्ज काढू नको. दोघांचंही मला पटतं, म्हणून तर अडकलोय.

यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ होता. ऐन मोसमात महिनाभर लग्नं नाहीत, मुंजी नाहीत, वास्तू नाही. हाताशी आज ७० हजार आहेत, त्यातले २० मुलाच्या कॉलेजचे. आणि अधिक मास आल्यामुळेच चवथ (गणेशचतुर्थी) पुढे गेली, १४ सप्टेंबरला. त्या एका दिवशी माझ्याकडे सतरा घरं असतात. सावई, वळवई, बेतकी, खांडोळा आणि फोंड्याकडचं केरी. पहाटे पाचला पहिलं घर. प्रत्येक घरात माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधून, गणपती मखरात ठेवून माणसं भटजींची वाट बघत असतात. बाहेर गोवाभर पांगलेली मुलंबाळं त्या दिवशी मूळ घरी आलेली असतात. हे सतरा घरांचं वडिलांपासून चालत आलंय. पोथी, समया, सोवळं घेऊन त्या पावसात स्कूटरवर हे होत नाही. मी एका वर्षी करून बघितलं, तापाने आठ दिवस पडलो.

तेव्हा प्रश्न असा. ७० हजारांतले ३८ या गाडीत घालू, की ४० हजारांना देऊन दुसरं काही बघू? चवथीच्या दिवशी दहाव्या घराकडे जाताना मला रस्त्यात उभं राहायचं नाही, एवढंच मला कळतं.


डिचोलीचो मेस्त
२९ जून, रात्री १०.५५

भटजी, आधी एक काम करा. उद्या सकाळी गॅरेजला फोन करून सांगा की गाडीला कोणी स्टार्टर मारू नये. गॅस्केट फाटून सिलिंडरमध्ये पाणी उतरलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. "चालू होते का बघूया" म्हणून पोरं दहा वेळा सेल्फ मारतात आणि ३५ हजारांचं काम ८० वर नेतात. प्लग काढल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही.

काटा खाली आला त्याचं कारण सांगतो, म्हणजे पुन्हा फसणार नाही. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात) बुडालेला असतो. पाणी संपलं की तो हवेत उघडा पडतो आणि खोटं सांगतो. गरम झालेल्या गाडीचा काटा चढावर अचानक खाली आला तर ती थंड झालेली नसते, कोरडी झालेली असते. तुमचा त्यात दोष धरू नका, पंधरा-पंधरा वर्षं गाडी चालवणाऱ्यांनाही हे माहीत नसतं.

बिनउघडता जो ७८ हजार सांगतो त्याचं ऐकू नका, आणि जो ३० हजार छातीठोक सांगतो त्याचंही नको. पायरी अशी ठेवा. ऑइल फिलरचं झाकण उघडून बघायचं. ऑइल ताकासारखं पांढुरकं झालं असेल तर पाणी ऑइलमध्ये गेलंय. मग प्लग काढून तिन्ही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट. शेजारच्या दोन सिलिंडरमध्ये दाब कमी आणि तिसरा ठीक, असं आलं तर मधली गॅस्केट गेली, आणि ती बातमी चांगली. तिन्ही कमी असले तर काळजी. त्यानंतर हेड उतरवायला सांगा, फक्त हेड. त्याचा मजुरीचा आकडा वेगळा ठरवून घ्या, आणि "उघडल्यावर मी येऊन बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही" हेही बजावून ठेवा. बोअरमध्ये हात घालून बघा. नखाला लागतील असे उभे ओरखडे नसले तर बोअर वाचला.

हेड अॅल्युमिनियमचं असतं, तापलं की वाकतं. फेसिंग करताना लागेल तेवढंच घासायचं. जास्त घासलं तर कॉम्प्रेशन वाढून गाडी नॉक करायला (इंजिनातून ठोकल्यासारखा आवाज यायला) लागते. फेसिंगआधी हेड दाबाने तपासून घ्या. बारीक चीर राहिली तर सगळा खर्च वाया. हेडचे बोल्ट नवे घाला, टॉर्क रेंचनेच आवळायला सांगा, मधून बाहेर, क्रमाने. वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि सगळे रबरी पाइप त्याच वेळी बदला. एकच पाइप बदलणारा मेस्त तुमचे पैसे वाचवत नाही. बाकीचे पाइपही त्याच वयाचे आहेत.

आणि कोणी सांगेल की वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने पाइप फाटला. तुमचा फाटला तो पाण्याचा, पेट्रोलचा नव्हे. पेट्रोलचे पाइप वेगळे बघून घ्या, २०१२ च्या गाडीत ते बघायला हवेतच.

जुन्या इंजिनाच्या नादाला लागू नका. कुठल्या गाडीचं, किती चाललेलं, किती तापलेलं, काही ठाऊक नसतं. शिवाय इंजिनाचा नंबर बदलला की आरटीओत आरसीवर (नोंदणीपत्रावर) नोंद करून घ्यावी लागते. बिल नसेल तर ती होत नाही, आणि नोंद नसेल तर विमा आणि विक्री दोन्ही अडतात.


हरमलची बाय
३० जून, सकाळी ७.१५

मेस्तांनी इंजिनाचं सगळं सांगितलंय. मी पत्र्याचं सांगते, कारण मी तिथे फसले.

आमचं घर हरमलला किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. २०११ ची गाडी, तिचं इंजिन ५८ हजार घालून २०२३ मध्ये पूर्ण करून घेतलं. इंजिन अगदी सुरेख झालं. चार महिन्यांनी पुढून टकटक आवाज येतो म्हणून रॅम्पवर चढवली, तर चाकाला धरणारा लोअर आर्म ज्या जागी बसतो तिथला पत्रा गंजून पापुद्र्यासारखा हातात आला. मागच्या सीटखाली मॅट उचलली तर रस्ता दिसला. ती गाडी मला भंगारात द्यावी लागली, नव्या इंजिनासकट. घरी आणून मी रडले होते, खोटं कशाला सांगू.

म्हणून हेड उघडायच्याही आधी गाडी रॅम्पवर घ्या आणि स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. दारांखालचे सिल, सस्पेन्शनच्या बैठका, पुढचा क्रॉस मेंबर, मॅटखालची जमीन. ठक्क आवाज आला तर पत्रा आहे, बद्द आला किंवा टोक आत गेलं तर संपलं. इंजिन पैशाने नवं होतं, सडलेली चॅसी (गाडीचा सांगाडा) होत नाही. तुम्ही समुद्रापासून आत राहता, कुळागराच्या (माडा-पोफळीच्या बागांच्या) भागात, तेव्हा मीठ कमी. पण ओल आहेच, आणि गाडी पहिली सहा वर्षं म्हापशाकडे होती, ती कुठे उभी असायची तेही विचारून बघा.

आता हिशोब. मी पतसंस्थेत वीस वर्षं कर्जाचे अर्ज बघतेय. "गाडीची किंमत दीड लाख, तिच्यात ३८ हजार कशाला" हा हिशोब सगळे करतात आणि तो चुकीचा आहे. तुम्हाला गाडी विकायची नाहीये, वापरायची आहे. ३८ हजार दोन वर्षांत वाटले तर महिन्याला सोळाशेच्या आत. साडेपाच लाखांच्या गाडीला लाख रुपये भरून साडेचार लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ९,४५० च्या आसपास. तोही दर महिन्याला, अधिक मास असो, चातुर्मास असो. तुमची मिळकत महिन्याला सारखी नाही, हे तुम्हीच लिहिलंय. हप्ता मुहूर्त बघत नाही.

४० हजारांना देऊन तीन लाखांची जुनी घेतलीत तर दुसऱ्याच्या गाडीचे न दिसणारे रोग घेणार. तुमच्या गाडीचा रोग निदान माहीत आहे.

कागदांचंही बघा. २०१२ ची गाडी म्हणजे २०२७ मध्ये पंधरा वर्षं पुरी. तेव्हा फिटनेस तपासून पाच वर्षांसाठी आरसी पुन्हा करावी लागेल, लहान गाडीला केंद्राची फी ५ हजार. वीस वर्षांनंतर ती १० हजार होते. तेव्हा आजचा निर्णय खरं तर २०२७ पर्यंतचा आहे. तेवढी वर्षभराची उसंत मिळाली की नवी शांतपणे बघता येते.


मडगावचा शिरीष
३० जून, दुपारी १.३०

थोडं वेगळं मत. तुम्हाला चवथीच्या दिवशी खात्री हवी आहे. ती १४ वर्षांच्या गाडीकडून कितीही खर्च करून शंभर टक्के मिळत नाही. तेव्हा त्या दिवसाची सोय वेगळी करा आणि गाडीचा निर्णय वेगळा घ्या. दोन दिवसांसाठी भाड्याची गाडी आजच सांगून ठेवा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. ओळखीतली खाजगी गाडी भाड्याने घेतली आणि काही झालं तर विमा हात वर करतो.

नवीच घ्यायची ठरली तर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२०० सीसीपर्यंतच्या लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. नवी स्वस्त झाली की जुन्यांचा भावही जुन्या दराने मागू देऊ नका. पण जुनी घेणार असाल तर पावसाळ्यात घेऊ नका. पाण्यात बुडालेल्या गाड्या याच दिवसांत धुऊन-पुसून बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, गाळाची रेघ तिथे राहते.

तुमच्या बिघाडाला विमा लागू होणार नाही हे धरूनच चला. मोटर पॉलिसीत यांत्रिक बिघाड बसत नाही.


सावईचा भट
३० जून, रात्री १०.१०

मेस्त, तुमचा निरोप वेळेत पोचला. सकाळी आठला फोन केला तेव्हा गॅरेजचा पोरगा चावी घेऊन उभाच होता.

ताई, तुमचं "हप्ता मुहूर्त बघत नाही" हे मी घरी वाचून दाखवलं. आई म्हणाली, बाईंचं बरोबर आहे. गाडी परवा रॅम्पवर घेतोय. हेड उघडेल तेव्हा मी समोर असेन. काय निघेल ते इथे लिहितो.


सावईचा भट
२४ जुलै, रात्री ९.०५

लिहायला उशीर झाला. सगळं सांगतो.

रॅम्पवर मी स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली उभा राहिलो. डाव्या बाजूच्या सिलला बोटभर जागा मऊ लागली, बाकी सगळीकडे ठक्क. म्हापशाच्या गृहस्थांना फोन केला. गाडी सहाही वर्षं शेडमध्ये असायची, खालून अंडरकोटिंग त्यांनी नवी असतानाच करून घेतलं होतं. त्यांनी गाडीची विचारपूस अशी केली की जणू दिलेल्या मुलीची.

कॉम्प्रेशनमध्ये पहिला सिलिंडर ठीक, दुसरा आणि तिसरा कमी. डिचोलीचे मेस्त म्हणाले होते तेच, मधली गॅस्केट. ऑइल पांढुरकं झालं नव्हतं. हेड उतरवलं त्या दिवशी मी सकाळचा अभिषेक भावाकडे दिला आणि गेलो. तिन्ही बोअरमध्ये नख फिरवून बघितलं, कुठे अडकलं नाही. तिथेच ठरवलं.

बिल ३७,६४० झालं. मजुरी ९ हजार, गॅस्केट सेट आणि नवे बोल्ट ६,९००, रेडिएटर ५,२०० (जुना आतून निम्मा बुजलेला होता, म्हणजे पाइप फुटला नसता तरी तो कधीतरी नडलाच असता), फेसिंग आणि दाबाची तपासणी ३,८००, पंप आणि थर्मोस्टॅट ४,३००, सगळे पाइप २,३४०. बाकीचं व्हॉल्व्हचं काम, ऑइल, कूलंट. फोंड्याच्या मेस्तांनी आधी रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी ओतायची तयारी केली होती. मी थांबवलं आणि तयार कूलंटच घालायला लावलं. त्यांना ते फारसं आवडलं नाही, पण घातलं.

मऊ जागेचा पत्रा कापून नवा जोडून घेतला, त्याचे २,२०० वेगळे. मुलाच्या कॉलेजच्या २० हजारांना हात लावावा लागला नाही, याचं समाधान मोठं आहे.

ताईंचा हिशोब पटला म्हणून या महिन्यापासून नव्या गाडीसाठी चार हजार पतसंस्थेत वेगळे टाकतोय. ज्या महिन्यात जमणार नाही त्या महिन्यात नाही, पण श्रावणात आणि चवथीला जास्त टाकीन. २०२७ मध्ये आरसीची वेळ येईल तेव्हा पुन्हा रॅम्पवर चढवीन आणि मग बघीन. चवथीसाठी भाड्याची गाडीही सांगून ठेवली आहे. ती भाऊ चालवील, सतरातली सात घरं त्याने घ्यायची, दहा मी. यजमानांना आधीच कळवतोय, कारण काही घरांत मीच यायला हवा असं असतं.

आतापर्यंत ६४० किलोमीटर झाले. रोज सकाळी गाडी थंड असताना कूलंटची टाकी बघतो. पहिल्या दोन दिवसांत बोटभर उतरलं होतं, फोंड्याचे मेस्त म्हणाले आतली हवा निघते तेव्हा तसं होतं. तेव्हापासून रेघेवरच आहे.


डिचोलीचो मेस्त
२४ जुलै, रात्री ९.४८

बरं केलंत. हजार किलोमीटर झाले की ऑइल आणि फिल्टर बदला, वाट बघू नका. घाट अजून चढवला नाही ना?


सावईचा भट
२४ जुलै, रात्री १०.०२

नाही. बेळगावच्या त्याच यजमानांकडे श्रावणात सत्यनारायण आहे. त्यांनी मलाच बोलावलंय, मागचं काही मनात न ठेवता. त्याआधी एका सकाळी, पाऊस उघडलेला बघून, रिकामी गाडी चोर्ल्यापर्यंत चढवून आणणार आहे. भावाला बाजूला बसवीन, त्याने फक्त काट्याकडे बघायचं.